घरापुढील फरसबंदी : दगडाआधी पाण्याचा विचार

हैदराबादसारख्या वाढत्या शहरात घराचे बांधकाम पुरे झाले की घरमालकाचे लक्ष फाटकापासून दारापर्यंतच्या मोकळ्या जागेकडे वळते. पावसाळ्यात चिखल होऊ नये, मोटार वा स्कूटर सुखरूप आत यावी आणि घराला शोभा यावी, या हेतूने ती जागा फरसबंद केली जाते. फरशीचा रंग व दर यांची चौकशी पुष्कळ होते. त्या फरशीवर पडणारे पाणी कोठे जाणार, हा प्रश्न मात्र बहुधा पहिला पाऊस झाल्यावरच सुचतो. वास्तविक सर्व नियोजनाचा आरंभ याच प्रश्नापासून व्हावयास हवा.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमते. ५ मीटर रुंद व १० मीटर लांब अंगणाचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर भरते. त्यावर ५० मिलिमीटरची एक जोरदार सर आली, तर २,५०० लिटर पाणी होते. अंगण मातीचे असेल तर त्यातील बराच भाग जमिनीत मुरतो. सांधे सिमेंटने बंद केलेल्या फरशीवरून मात्र जवळजवळ सारे पाणी रस्त्यावर धावते. एका घराचे हे पाणी थोडे वाटते. परंतु हजारो अंगणे एकाच वेळी पाणी बाहेर टाकू लागली म्हणजे गटारे तुंबतात आणि सखल वस्तीतील घरांत पाणी शिरते.

हैदराबादला हा धडा नवा नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुरात हजारो माणसे दगावली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची योजना आखण्यात आली व पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. जलाशयांनी नदीचा पूर अडविता येतो. गल्लीबोळांत साचणारे पाणी त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. ऑगस्ट २००० मध्ये शहरात एका दिवसात सुमारे २४० मिलिमीटर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हे शहर ग्रॅनाइटच्या कठीण खडकावर वसले आहे. अशा खडकात भूजल साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. अंगणे बंद झाली की पावसाळ्यात रस्त्यावर पूर आणि उन्हाळ्यात कूपनलिका कोरडी, अशी दुहेरी हानी होते. २००२ च्या आंध्र प्रदेश जल, जमीन व वृक्ष कायद्यात इमारतींच्या आवारात पावसाचे पाणी जिरविण्याची तरतूद करण्यात आली, ती याच कारणाने.

दगडाची निवड

कोकणात जांभा, मराठवाड्यात काळा पाषाण, तशी हैदराबादकडे शहाबादी व तांडूरची फरशी. हा थराथराने सुटणारा चुनखडीचा दगड आहे. शहाबाद आज कर्नाटकात व तांडूर तेलंगणात असले, तरी १९५६ पूर्वी ही दोन्ही गावे, मराठवाड्याप्रमाणेच, हैदराबाद राज्यात होती. मराठवाड्यातील घराघरांतून ही फरशी परिचित आहे. पायवाटेसाठी २५ मिलिमीटर जाडीची फरशी पुरते. मोटारीच्या चाकाखाली ४० मिलिमीटर किंवा अधिक जाडी घ्यावी. दगड चुनखडीचा असल्याने तो ॲसिडने धुऊ नये. पृष्ठभाग खराब होतो.

फरशीखालचे काम

फरशी खचते ती बहुधा खालचा थर कच्चा राहिल्यामुळे. प्रथम वरची भुसभुशीत माती काढावी. काळी माती लागल्यास ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून ती खोल काढून मुरूम भरावा. मुरूम थोडे पाणी शिंपडून थराथराने धुमसाने ठोकावा. त्यावर १० ते १५ सेंटिमीटर खडीचा थर दाबून बसवावा व त्यावर ३ ते ४ सेंटिमीटर जाड वाळू पसरून फरशी बसवावी. फरशीखाली पोकळी राहू देऊ नये. कडेला उभे दगड पक्के रोवावेत, म्हणजे फरशा सरकत नाहीत. पाण्याचे व विजेचे नळ आधीच टाकून घ्यावेत.

उतार दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर असावा, म्हणजे १० मीटर लांबीत १५ ते २० सेंटिमीटर. तो घराच्या भिंतीपासून दूर, बागेच्या वाफ्याकडे वा शोषखड्ड्याकडे द्यावा. फरशीची पातळी जोत्याच्या खाली निदान १५ सेंटिमीटर ठेवावी. रस्ता अंगणाहून उंच असल्यास फाटकाच्या आत जाळीची आडवी नाली करावी.

पाणी मुरण्याची सोय

सर्व अंगण झाकण्याची आवश्यकता नसते. मोटारीच्या दोन चाकांसाठी प्रत्येकी ६० सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे १० मीटर लांब घातले, तर १२ चौरस मीटर फरशी लागते. उरलेल्या जागेत गवत वा झाडे राहतात. खर्च वाचतो, तो निराळाच. फरशांचे सांधे सिमेंटऐवजी जाड वाळूने भरले तरीही काही पाणी खाली उतरते.

शोषखड्ड्याच्या जागी आधी हातभर खड्डा खणून पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच राहिले, तर खाली खडक किंवा चिकणमाती आहे असे समजावे व जागा बदलावी अथवा साठवण टाकी करावी. खड्डा पायापासून निदान तीन मीटर आणि शौचकूपापासून शक्य तितका दूर असावा. तळाशी मोठे दगड, मधे खडी व वर जाड वाळू भरावी. दर पावसाळ्यापूर्वी वरची वाळू काढून धुवावी. गाळ बसलेला खड्डा असून नसल्यासारखाच.

हे काम दसरा ते होळी या कोरड्या काळात उरकणे सोयीचे असते. फाटकापुढील उताराचा ओटा सार्वजनिक गटारावर येणार नाही, याचीही दक्षता घ्यावी. एका घराने गटार बुजविले तर त्याचे पाणी शेजाऱ्याच्या दारात उभे राहते. अंगणात पडलेले पाणी अंगणातच मुरले, तर शेजारी सुखी राहतो आणि घरची कूपनलिकाही.