कोणता चहा, कधी आणि कसा?

बियाणे खरेदी करताना आपण वाण, उगवणशक्ती आणि पिशवीवरील तारीख पाहतो. चहा मात्र दुकानदार देईल तो घेतो आणि वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने उकळतो. चहाचेही अनेक प्रकार आहेत. प्रत्येकाची चव, करण्याची रीत आणि पिण्याची योग्य वेळ वेगळी आहे. ही माहिती असल्यास पैशाचा मोबदला चांगला मिळतो आणि आरोग्याचे होणारे नुकसानही टळते.

झाड एक, चहा अनेक

काळा, हिरवा किंवा ऊलाँग हे सर्व चहा एकाच जातीच्या झाडापासून तयार होतात. कोवळी दोन पाने आणि एक कळी खुडली जाते. फरक पडतो तो पुढील प्रक्रियेत. चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते. तसेच मळलेल्या चहाच्या पानाचे होते. पान मलूल करून, मळून पूर्ण काळपट होऊ दिले आणि मग वाळवले की काळा चहा तयार होतो. पान खुडल्यावर लगेच वाफ किंवा उष्णता देऊन ही क्रिया थांबवली की हिरवा चहा मिळतो. ऊलाँग या दोहोंच्या मधला असतो.

काळ्या चहाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. सीटीसी पद्धतीत पाने दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून त्यांचे बारीक गोल दाणे करतात. ही पद्धत १९३० च्या दशकात आसाममध्ये सुरू झाली. आपल्या घरातील दुधाचा चहा बहुधा याचाच असतो. ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान वळले जाते. त्यामुळे पत्ती लांबट राहते, रंग हलका येतो, पण सुगंध अधिक मिळतो.

‘डस्ट’ या नावामुळे अनेकांना ती झाडलोट वाटते. प्रत्यक्षात ती दाण्याच्या आकारावरून पडलेली प्रत आहे. दाणा जितका बारीक, तितका रंग लवकर उतरतो.

कोणते प्रकार वापरून पाहावेत?

१) आसाम : कडक, गडद आणि दूध-साखरेत टिकणारा. आले, वेलदोडा घालून करायच्या चहास सीटीसी उत्तम.

२) दार्जिलिंग : नाजूक सुगंधाचा. मार्च-एप्रिलमधील पहिल्या खुडणीचा चहा हलका, तर मे-जूनमधील दुसऱ्या खुडणीचा अधिक भरदार असतो. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेले हे पहिले उत्पादन आहे. यात दूध घालू नये, सुगंध दबतो.

३) निलगिरी : दक्षिणेकडील डोंगरातील ताज्या वासाचा चहा. येथे वर्षभर खुडणी चालते. लिंबू पिळून कोरा किंवा उन्हाळ्यात थंड करून पिण्यास चांगला.

४) कांगडा : हिमाचल प्रदेशातील चहा. येथे हिरवा आणि काळा असे दोन्ही प्रकार होतात.

५) काश्मिरी कहावा : हिरव्या चहात केशर, दालचिनी, वेलदोडा व बदामाचे काप घालून करतात. दूध घालत नाहीत. थंडीत करून पाहावा.

एकदम मोठे पाकीट घेऊ नये. ५० ते १०० ग्रॅम आणून नेहमीच्या चहाशेजारी करून पाहावा, म्हणजे फरक लगेच कळतो. चहा हवाबंद डब्यात, मसाल्यापासून दूर ठेवावा.

करण्याची रीत

एका कपास सुमारे २ ग्रॅम पत्ती पुरते. सीटीसी दुधाबरोबर उकळण्यास हरकत नाही. ऑर्थोडॉक्स पत्ती मात्र उकळू नये; उकळते पाणी ओतून ३ ते ५ मिनिटे झाकून ठेवावी व गाळावी. हिरव्या चहासाठी पाणी ७५ ते ८० अंश सेल्सिअस असावे. त्यासाठी उकळलेले पाणी खाली उतरवून काही मिनिटे थांबावे, मग पत्ती घालून २ ते ३ मिनिटांत गाळावे. जास्त वेळ ठेवल्यास चहा कडू होतो. हीच पत्ती दुसऱ्यांदाही वापरता येते.

चहा-चपातीची न्याहारी टाळा

हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. चहातील तुरट घटक धान्य, कडधान्य व पालेभाज्यांतील लोहाशी बांधले जातात आणि ते लोह शरीराला मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत. परंतु सकाळी चहाबरोबर चपाती खाऊन रानात जाणाऱ्या भगिनीला बाजरीच्या भाकरीतील आणि मेथीतील लोहही पुरेसे मिळत नसेल, तर चहाची वेळ बदलणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा घेऊ नये. लोहाच्या गोळ्याही चहाबरोबर घेऊ नयेत. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा; त्यामुळे लोह चांगले शोषले जाते. लहान मुलांना चहा देऊ नये.

बांधावरचा चहा

गवती चहा हे खरे तर सुगंधी गवत आहे. त्यात चहातील कॅफिन नसते. घरच्या गरजेसाठी ४-५ ठोंब पुरेसे होतात. जून-जुलैमध्ये जुन्या बेटातील फुटवे वेगळे करून ६० सें.मी. अंतरावर लावावेत. पाण्याचा निचरा होणारी जागा निवडावी. पाणी साचल्यास ठोंब कुजतात. पहिली कापणी ३ ते ४ महिन्यांनी, जमिनीपासून १० ते १५ सें.मी. वर करावी. नंतर दर २ ते ३ महिन्यांनी कापणी मिळते. पाने सावलीत वाळवून ठेवता येतात. चहा पावडर न घालता गवती चहा, आले व थोडा गूळ यांचा काढा संध्याकाळी घ्यावा.

लाल अंबाडी असल्यास फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती राहणारी लाल, मांसल दले वाळवून ठेवावीत. गरम पाण्यात ५ मिनिटे ठेवल्यास सुरेख लाल, आंबट पेय होते. दूध घालू नये, फाटते. रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

भेसळ कशी ओळखावी?

वापरलेली पत्ती वाळवून, रंग देऊन सुटी विकण्याचे प्रकार होतात. गाळण कागदावर थोडी कोरडी चहा पावडर पसरून त्यावर पाणी शिंपडावे. नंतर पावडर काढून कागद धुवावा आणि उजेडात धरून पाहावा. काळपट तपकिरी डाग दिसल्यास रंगाची भेसळ समजावी. लोखंडाचा कीस असल्यास लोहचुंबकाला चिकटतो. फार स्वस्त सुटा चहा घेताना ही परीक्षा अवश्य करावी.

थोडक्यात, दुधासाठी सीटीसी, कोऱ्या चहासाठी ऑर्थोडॉक्स, संध्याकाळी बांधावरचा गवती चहा आणि जेवणापासून एक तासाचे अंतर, एवढे पाळावे. येत्या पावसाळ्यात गवती चहाचे चार ठोंब लावून सुरुवात करावी.