पाळीव सापाचें घर

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी नांदेडजवळच्या एका खेड्यांत शिक्षक होतों. मुलांनीं शेतांतून धामण धरून आणली. ती त्यांना नीट पाहतां यावी म्हणून मीं पत्र्याच्या डब्यांत ठेवविली. झांकणास खिळ्यानें भोकें पाडलीं, आंत पाणीहि ठेवलें. दिवस चैत्राचे, छप्पर पत्र्याचें. दुसरे दिवशीं सकाळीं धामण मेलेली आढळली. ती माझ्या अज्ञानानें मेली, हें मला आजहि बोचतें.

सापाचें शरीर आपल्या शरीराप्रमाणें स्वतःची उष्णता राखीत नाहीं. तो उन्हांत जाऊन तापतो, सावलींत शिरून निवतो. डब्यांत कोंडलेल्या सापास हें हिंडणेंच नसतें. म्हणून त्याच्या पेटींत एक बाजू उष्ण व एक थंड असावी लागते.

नाग, घोणस, धामण, अजगर हे आपल्याकडील साप घरीं धरून ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां प्रश्न उरतो तो परदेशी सापांचा. शहरांत कोणी कोणी आफ्रिकेंतील बॉल अजगर बाळगतात. २०२४ च्या नियमांप्रमाणें त्याची सरकारदरबारीं नोंद करावी लागते. या अजगरास उष्ण बाजूस ३१ ते ३३ व थंड बाजूस २५ ते २७ अंश सेंटिग्रेड उष्णता मानवते. दोन्हीं टोकांस तापमापक असावेत. हाताच्या अंदाजावर विसंबूं नये.

विलायती पुस्तकांत पेटी तापविण्याचीच चिंता फार. तेथील हवा तशी आहे! लातूर-नांदेडास वैशाखांत पारा ४२ च्या वर जातो. येथें पेटी निवविण्याची चिंता अधिक. कांचेची पेटी खिडकींत ठेवाल तर ती भट्टीच होईल. माजघरांतील आंतल्या भिंतीशीं ती ठेवावी. मात्र पौषांतल्या रात्रीं तापपट्टी लागते, आणि ती थर्मोस्टॅटवांचून कधींहि लावूं नये. सापाचें पोट भाजतें तरी तो पुष्कळदां हलत नाहीं.

तमिळनाडूंत सापांचें विष काढणाऱ्या इरुळा लोकांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. ते साप मातीच्या मडक्यांत ठेवतात व तोंडास कापड बांधतात. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार राहतें, त्याच कारणानें सच्छिद्र मडकें ओलसर असलें तर आंत निवारा राहतो; अंधार असतो, कापडांतून हवा जाते. माझ्या डब्यांत यांतलें एकहि नव्हतें.

पेटींत दोन्हीं बाजूंस अंग चेपून बसण्याजोगे आडोसे असावेत, एकच ठेवल्यास साप उष्णता व निर्भयता यांपैकीं एकाचीच निवड करूं शकतो. झांकणास कडी हवीच; साप फटींतून सहज निसटतो. खालीं जुनें वर्तमानपत्र पुरतें, घाण होतांच बदलावें. देवदाराचा भुसा मात्र नको, त्याचा उग्र वास सापास बाधतो. पाणी रोज ताजें. दूध ठेवूं नये, हें सांगावें लागावें याचें नवल वाटतें.

गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी सांगत आला कीं अजगर दिवसभर पाण्याच्या भांड्यांतच बसतो. अंगावर बारीक गोचिडी असल्यासहि असें होतें, म्हणून आधीं त्याचे खवले पाहिले. ते स्वच्छ होते. तापमापक मात्र थंड बाजूसहि ३६ दाखवीत होता. पेटी खिडकींतून काढून माजघरांत ठेवविली. तिसऱ्या दिवशीं अजगर भांड्यांतून निघून आडोशांत जाऊन बसला.