जुन्या राउटरचा स्विच म्हणून उपयोग

नवा राउटर आल्यावर जुना अडगळीत टाकू नये. घरातील अनेक संगणक तारेने जोडण्यास तो स्विच म्हणून उपयोगी पडतो. प्रथम तो एकाच संगणकास जोडून त्याचा पत्ता बदलावा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असल्यास, दुसरे यंत्र वापरीत नसेल असा १९२.१६८.१.२ हा पत्ता जुन्यास द्यावा. नंतर डीएचसीपी, म्हणजे पत्तेवाटपाची सोय, बंद करावी. ही दक्षता मुख्य होय. अन्यथा काही संगणकांना जुनाच राउटर बाहेरचा मार्ग म्हणून सांगितला जातो व त्यांचे इंटरनेट बंद पडते. वायरलेसही बंद करावे. शेवटी मुख्य राउटरची तार ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ पोर्टमध्ये बसवावी. जुन्या यंत्राचा वेग पुष्कळदा सेकंदास १०० मेगाबिटच असतो. परंतु नित्याच्या अध्ययनास तो पुरेसा आहे.