बॅटरी बदलण्यापूर्वी मीटर लावा

आठवडी बाजार करणाऱ्या कापडवाल्याची मोटारसायकल म्हणजे त्याचे निम्मे दुकानच. मागे दोन गठ्ठे, टाकीवर पिशवी, आणि गर्दी व्हायच्या आत जागा धरायची. दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर या पट्ट्यात आम्ही वर्षानुवर्षे हेच केले. गाडी रुसली की त्या दिवशी जागा दुसऱ्याची आणि गिऱ्हाईकही दुसऱ्याचे.

२०२३ च्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधीच्या बाजाराला निघालो तर सेल्फ दाबल्यावर नुसता 'टक' असा आवाज. किक मारून मारून पाय दुखला, गाडी काही उठली नाही. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. नवी घातली. दोन महिने बरे गेले, आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा तोच 'टक'. पुन्हा बॅटरी. दोन्ही मिळून अडीच हजारांच्या वर गेले, आणि हुकलेले बाजार वेगळेच. शेवटी एका तरुण मिस्त्रीने मीटर लावून पाहिले आणि म्हणाला, "चाचा, बॅटरी को कुछ नहीं हुआ."

त्याने काय केले ते सांगतो, कारण हे काम आपल्यापैकी कोणालाही जमेल. साधा डिजिटल मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टवर, २० च्या खुणेवर ठेवायचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या दोन टोकांना लावला की चांगली, भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२ च्या खाली आकडा आला तर ती उतरलेली आहे. मग मीटर तसाच ठेवून सेल्फ दाबायचा. आकडा ९ च्याही खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही असे समजावे. मात्र ती आधी पूर्ण चार्ज करून मगच हा निकाल द्यावा.

आमच्या गाडीत सेल्फ दाबल्यावरही आकडा १२ च्या आसपासच राहिला. म्हणजे बॅटरी द्यायला तयार, पण करंट जायला तयार नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. विजेच्या धड्यात मुसबत आणि मनफी हे शब्द घोकले होते. मुसबत म्हणजे बॅटरीचे अधिक टोक, मनफी म्हणजे उणे. पण मनफीची तार गाडीच्या लोखंडालाच का आवळतात हे कधी कोणी समजावले नाही. ते त्या दिवशी मिस्त्रीने समजावले. गेलेला करंट बॅटरीकडे परत येतो तो इंजिन आणि चेसिसच्या लोखंडातून. उधारी परत येण्याची वाट बंद झाली तर पेढी जशी बसते, तशी गाडीही बसते. त्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि सेल्फ दाबला. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. आमच्या गाडीत दोनच्या वर गेला. टाकी काढली तर अर्थिंगचा बोल्ट गंजलेला, सैल, आणि वर काळ्या मातीचा थर. खड्ड्यांत तो कधी जुळे, कधी सुटे. म्हणून बॅटरीला चार्जिंगही धड मिळत नव्हते. पॉलिश पेपरने घासले, बोल्ट आवळला, वर व्हॅसलिनचे बोट फिरवले. पन्नास रुपये घेतले त्याने!

चार्जिंग पाहण्याची रीतही सोपी. गाडी चालू करून थोडी रेस द्यावी; बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.८ यायला हवेत. आकडा वाढतच नसेल तर मॅग्नेटची कॉइल, रेक्टिफायर किंवा त्यांचा कपलर बघावा. कपलर जळून काळा पडलेला पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायर बिघडला, आणि तो नव्या बॅटरीलाही उकळून मारील. जुन्या छोट्या गाड्यांचा हेडलाइट रेस सोडली की मंद होतो, त्याची धास्ती नको. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत तो दिवा थेट मॅग्नेटवर चालतो, बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही.

सगळेच एकदम बंद, हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, तर आधी फ्यूज. जळाला तर तितक्याच अँपिअरचा घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे आम्ही पाहिले आहेत. त्यात फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळते. दिवे लागतात पण गाडी उठत नाही, तर लाल किल स्विच बघावा. हसू नका, पोरे खेळताना दाबून जातात.

कापडाच्या गोदामात गाडी ठेवणाऱ्यांनी उंदरांचेही बघावे. चिंध्या आणि वायर, दोन्हींवर त्यांचा हक्क सारखाच.

एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा गाड्या आल्या, तेव्हापासून बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नाही, पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी अगदीच गळाली तर धक्का मारून ती उठेलच असा भरवसा नाही. चालू इंजिनात बॅटरीची तार काढून 'बघू चार्जिंग येते का' ही जुनी युक्तीही या गाड्यांवर करू नये, महागडे कंट्रोल युनिट जाऊ शकते. हायवेवर ट्रकवाला मदतीला थांबला तर त्याचे आभार मानावेत, पण त्याच्या बॅटरीवरून तार घेऊ नये. मोठ्या ट्रकची वीज बहुधा २४ व्होल्टची असते, आपली १२ ची.

आमच्या डिकीत आता दोन फ्यूज, पॉलिश पेपरचा तुकडा, दहाचा पाना आणि तो मीटर असतो. जुनी बॅटरी भंगारात गेली होती, नाही तर तीच परत बसवली असती.