लहान गावात मनाचा डॉक्टर

आमच्या गावात धान्य साठवायचे उंच मनोरे आहेत, दोन फार्मसी आहेत, गुडघे बदलणारा सर्जनसुद्धा आठवड्यातून एकदा येऊन जातो. मानसोपचारतज्ज्ञ मात्र नाही. वस्ती सुमारे दहा हजार, राज्य आयोवा, जवळचं मोठं शहर ओमाहा, तेही ९० मैलांवर. कारखान्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो आणि रमलो. कढीपत्ता कुंडीत लावला, गणपती तळघरात बसवला. पण २०२३ साली आई कायमच्या राहायला आल्या, आणि लहान गाव म्हणजे काय ते तेव्हा खरं कळलं.

आईंना बरीच वर्षं बायपोलर आजार आहे. लिथियमच्या गोळीवर त्या उत्तम असतात. मंडळातल्या मंडळींना आजवर ‘आईंना बीपी आहे’ एवढंच ठाऊक होतं. हा लेख त्यांना विचारूनच लिहितो आहोत. त्या म्हणाल्या, “लिहा, कुणाच्या तरी आईला उपयोग होईल.”

भारतातून येताना साधारण तीन महिन्यांपुरतीच औषधं बरोबर आणता येतात. म्हणजे हातात ९० दिवस. पहिल्याच आठवड्यात विमा कंपनीच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले. कुणी निवृत्त झालेले, कुणी गाव सोडून गेलेले, कुणी नवीन पेशंट घेत नाहीत. शेवटी एका ठिकाणी तारीख मिळाली, ती पाच महिन्यांनंतरची! फेडरल सरकारच्या हिशेबात ३०,००० किंवा जास्त माणसांमागे एकच मानसोपचारतज्ज्ञ असेल, तर तो भाग टंचाईचा धरतात. आमच्यासारख्या अनेक काउंट्यांत तोही एक नाही.

डिसेंबरात एका पहाटे तीन वाजता स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. आई सगळे डबे काढून घासत बसल्या होत्या. “झोपच नको वाटतेय रे, इतकं हलकं वाटतंय.” हे ऐकून आमच्या पोटात गोळा आला. झोपेची गरज कमी वाटणं ही या आजार उलटण्याची पहिली खूण असते.

मार्ग निघाला तो आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरीणबाईंकडे. बऱ्याच जणांना वाटतं की असली औषधं फक्त मानसोपचारतज्ज्ञच देऊ शकतात. तसं नाही. लिथियम कुठलाही परवानाधारक डॉक्टर लिहून देऊ शकतो. प्रश्न असतो तो त्याच्या अनुभवाचा आणि तयारीचा. बाईंनी रक्त तपासलं, गोळी सुरू ठेवली आणि मात्रेबद्दल दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेतला. फॅमिली डॉक्टर, दवाखान्यातली समन्वयक नर्स आणि पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ अशी पद्धत वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित झाली, आणि २००२ साली त्यांच्या मोठ्या अभ्यासात वृद्धांच्या नैराश्यावर तिचा चांगला गुण दिसला. आपल्या दवाखान्यात अशी सोय आहे का, हे एकदा जरूर विचारावं. मानसिक आजारांचं विशेष शिक्षण घेतलेल्या नर्स प्रॅक्टिशनरही औषध देतात. आयोवात त्यांना ते स्वतंत्रपणे करता येतं. प्रत्येक राज्याचा नियम मात्र वेगळा.

व्हिडिओवरून तज्ज्ञ गाठणं आता सोपं आहे, पण त्यात एक मेख आहे. पेशंट ज्या राज्यात बसला असेल, त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे लागतो. ओमाहा नेब्रास्कात, आम्ही आयोवात! म्हणून अपॉइंटमेंट घेताना पहिला प्रश्न परवान्याचा. आई न्यू जर्सीला बहिणीकडे गेल्या तर तिथून ती भेट होईलच असं नाही.

खरी परीक्षा भाषेची झाली. एका रुग्णालयात पहिल्या भेटीला फोनवर हिंदी दुभाषा आला. आई म्हणाल्या, “जीव वरखाली होतो.” त्याचं भाषांतर होऊन नर्सबाई थेट ईसीजीचं यंत्र घेऊन आल्या. हसू आलं, पण पुढच्या वेळी आधीच फोन करून मराठी दुभाषा मागितला. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाषा फुकट द्यावा लागतो, लाजू नये. ‘आम्ही आहोत ना सांगायला’ असं आम्हालाही वाटलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बसवलं, ते बरोबरच केलं. जगावंसं वाटतं का, या प्रश्नाला मुलगा-सून समोर असताना कुठली आई खरं उत्तर देईल? आई आत चाळीस मिनिटं बोलत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “ती फोनवरची मुलगी साताऱ्याकडची वाटली.” आत काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही.

गोळीचाही एक घोळ झाला. आईंची भारतातली सावकाश विरघळणारी गोळी ४०० मिलिग्रॅमची. इथे त्या जातीच्या गोळ्या ३०० आणि ४५० च्या. फार्मसीला भारतातली चिठ्ठी चालत नाही, आणि हा हिशेब घरी करायचा नसतो. लिथियमचं रक्तातलं प्रमाण थोडं वाढलं तरी बाधतं. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडलं, अंगदुखीला अ‍ॅडव्हिल घेतली, तरी ते वाढतं. त्यामुळे आईंची निर्जळी एकादशी बंद झाली. पांडुरंगाची काही तक्रार आलेली नाही. अश्वगंधा वगैरे घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

ज्यांचे आईवडील येणार आहेत त्यांनी निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्यावं. त्यात आजाराचं नाव, औषधांची मूळ नावं (ब्रँडची नव्हेत), मात्रा, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट आणि पूर्वी कुठलं औषध सोसलं नाही हे असावं. आमच्या बाईंनी इतक्या लवकर गोळी सुरू ठेवली ती अशा पत्राच्या जोरावर. रात्रीअपरात्री प्रसंग आलाच तर जुलै २०२२ पासून ९८८ हा नंबर देशभर चालतो. जिवाला तातडीचा धोका असेल तर ९११.

कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही तेच होते. परदेशात राहून या विषयावर मोकळेपणी बोलणारा आपला माणूस! आईंनी तो सिनेमा आमच्याबरोबर दोनदा पाहिला.

त्या पत्राचा कोरा नमुना आमच्याकडे आहे. हवा असेल त्यांनी मंडळामार्फत कळवावं. नाव सांगायची गरज नाही.