सुटी बोदलकसाला, मन मात्र ऑफिसात

हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा तलावावर स्थलांतरित पक्षी उतरतात आणि शनिवार-रविवारी शहरातले थकलेले नोकरदारही येतात. पण तलावाच्या काठावरही लॅपटॉप उघडावा लागला, तर ती विश्रांती ठरत नाही.

कन्सल्टिंग कंपन्यांत हे नेहमीचेच आहे. या कंपन्या ग्राहकाला माणसांचा वेळ आणि बुद्धी विकतात. त्यामुळे कोणाचे किती तास कोणत्या कामावर गेले, याची नोंद होते. शिकायला भरपूर मिळते, पगारही बरा असतो; मात्र मुदत जवळ आली की रात्र कामातच जाते. 2024 मध्ये पुण्यातील अशा एका कंपनीतल्या तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर कामाच्या अतिताणाची देशभर चर्चा झाली. कंपनीने ताणामुळे मृत्यू झाल्याचे नाकारले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मात्र प्रकरणाची दखल घेतली.

एका मृत्यूवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून मोठ्या पाहण्या महत्त्वाच्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त असतो. सततच्या ताणाने रक्तदाब वाढतो, झोप तुटते. बैठे काम आणि अवेळी जेवण त्यात भर घालतात.

सुटीने थकवा उतरतो, पण कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच हा फायदा ओसरतो, असे अभ्यास सांगतात. म्हणून वर्षातल्या एका सहलीपेक्षा रोजची विश्रांती मोलाची. किमान सात तास झोप घ्यावी. रात्री ठरावीक वेळेनंतर कामाचे मेसेज पाहू नयेत. रक्तदाब अधूनमधून तपासावा. छातीत दाब, धाप किंवा अचानक बोलणे अडखळणे जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

मात्र सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ‘बर्नआउट’ कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येतो. तेव्हा त्यावरचा उपायही तिथेच, कामाच्या वाटपात आणि मुदती ठरवण्यात, शोधायला हवा.