क्षारकीय विद्रावातील ऑक्सिडीभवन–क्षपण समीकरणांचे संतुलन

क्षारकीय विद्रावात हायड्रोजन आयन नगण्य असतात. म्हणून अणू व विद्युत् भार जुळविताना हायड्रॉक्साइड आयन व पाणी यांचाच आधार घेतात. मंद क्षारकीय विद्रावात सल्फाइटामुळे परमँगॅनेटाचे क्षपण होऊन मँगॅनीज डाय-ऑक्साइडाचा तपकिरी साका मिळतो. मँगॅनीज 3 इलेक्ट्रॉन घेते, सल्फाइट 2 देते. म्हणून 2 परमँगॅनेटांस 3 सल्फाइट लागतात. डावीकडे एकूण ऋण भार 8, उजवीकडे 3 सल्फेटांचा 6. ही तूट 2 हायड्रॉक्साइड आयनांनी भरून निघते व त्यांतील हायड्रोजनासाठी डावीकडे पाण्याचा 1 रेणू येतो. ऑक्सिजनाचे अणू दोन्हीकडे 18 भरतात. प्रथम अम्लीय विद्रावाप्रमाणे संतुलन करण्याची रीत रूढ असली, तरी ही अधिक सुटसुटीत आहे. तीव्र क्षारकीय विद्रावात मात्र क्षपण हिरव्या मँगॅनेटापाशीच थांबू शकते; मग मँगॅनीज एकच इलेक्ट्रॉन घेते व 2 परमँगॅनेटांस 1 सल्फाइट पुरतो.